टायर इतक्यात संपले? विजेच्या गाडीचा हिशेब वेगळा असतो

मुलाने अमेरिकेत विजेवरची गाडी घेतली, की दोन-अडीच वर्षांनी सोलापूरहून फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "आत्ताच तर गाडी घेतली होतीस, टायर कसे काय संपले? फसवलं तर नाही ना कुणी?" विजापूर रोडवर वर्षानुवर्षं एकाच सेटवर वॅगनआर चालवलेल्या बाबांना ४५-५० हजार किलोमीटरमध्ये गोटा झालेले टायर पाहून शंका येणारच. पण फसवलेलं नसतं. या गाड्यांच्या पोटात साधारण चारशे-साडेचारशे किलोची बॅटरी असते. म्हणजे सहा धडधाकट पाहुणे कायमचे गाडीत बसलेले, आणि ते कुठल्याच स्टॉपला उतरत नाहीत. पेडल दाबताक्षणी मोटर पूर्ण जोर चाकावर टाकते. पाय उचलला की तीच मोटर ब्रेकचं काम करते, तेही मोटर ज्या चाकांना जोडलेली आहे त्याच चाकांवर. निघताना घासणारा टायर थांबतानाही तोच घासतो.

त्यात कारखान्यातून आलेले टायर कंपनीने रेंजचा, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती पळते त्याचा, आकडा चांगला दिसावा म्हणून निवडलेले असतात. कमी घर्षणाचं रबर, आणि काही वेळा नक्षीसुद्धा थोडी उथळ. पहिला सेट संपल्यावर निवड पहिल्यांदा आपल्या हातात येते. इथे मिशिगनमध्ये आणि तिकडे सोलापुरात त्या निवडीचं उत्तर वेगळं निघतं, पण टायर वाचायची रीत एकच आहे.

आधी मोजा. टायरच्या नवीन नक्षीची खोली साधारण ८ मिमी असते. कायद्याची किमान मर्यादा अमेरिकेत २/३२ इंच म्हणजे १.६ मिमी, भारतातही तेवढीच. चरांच्या तळाशी आडवी रबराची बटणं दिसतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण भर पावसात पाणी बाहेर फेकायची ताकद त्याच्या बरीच आधी जाते, म्हणून ३ मिमीला बदलणं शहाणपणाचं. इथे लोक क्वार्टरचं, म्हणजे पाव डॉलरचं, नाणं उलटं धरून चरात घालतात: वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसला तर ४/३२ इंचापेक्षा कमी उरलं. त्यापेक्षा साधा डेप्थ गेज घ्या. आणि मोजा तीन ठिकाणी: बाहेरची कड, मध्य, आतली कड. विजेच्या अनेक गाड्यांत मागच्या चाकांची आतली कड आधी जाते, कारण मागची चाकं वरून किंचित आत झुकलेली असतात आणि त्यात टो, म्हणजे चाकांची समोरची दिशा, थोडा जरी बिघडला तरी आतला पट्टा किसणीवर धरल्यासारखा झिजतो. बाहेरून टायर छान दिसतो आणि आत तारा बाहेर आलेल्या असतात. हे पाहायला गुडघ्यावर बसून मोबाईलचा टॉर्च आत मारावा लागतो. फोटो पाठवून "बरा दिसतोय का?" विचारण्यात अर्थ नाही.

आता साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत. टेस्ला मॉडेल ३ च्या १८ इंची चाकावर असं लिहिलेलं असतं: २३५/४५ आर १८ ९८ डब्ल्यू, आणि शेजारी एक्सएल, म्हणजे जादा वजन पेलणारी बांधणी. रुंदी २३५ मिमी, उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिम १८ इंच. पुढचा ९८ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ७५० किलो. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किमीपर्यंतची मर्यादा. सगळी गोम त्या ९८ मध्ये आहे. याच मापात ९४ चा टायरही मिळतो, ६७० किलोचा, बहुधा स्वस्त. दुकानदार चार गुणिले ६७० करून दाखवतो, २६८० किलो, गाडी भरून सव्वादोन टन, "चालतंय की!" चालत नाही. वजन चारही चाकांवर सारखं कधीच नसतं. ब्रेक मारला की पुढे येतं, वळणावर एका बाजूला जातं, डिकीत सामान भरलं की मागे. एक्सएल टायर त्याचं पूर्ण वजन ४२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) दाबाला पेलतो, साधा टायर ३६ ला. कमी इंडेक्सचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि शेवटी आतून सुटतो. लोड इंडेक्स कारखान्याच्या टायरइतका किंवा जास्त, यात घासाघीस नाही. अलीकडे एचएल ही खूण असलेलेही टायर आले आहेत, ते एक्सएलच्याही वरचे.

त्याच भिंतीवर डॉट हा शब्द आणि शेवटी चार आकडे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. सवलतीत मिळणारा 'नवा' टायर तीन वर्षं गोदामात पडलेला असू शकतो. तारीख बघून मगच बसवू द्या. ही सवय सोलापुरातही लावून घ्या, तिथे तर पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाने रबर लवकर म्हातारं होतं.

आता 'ऑल-सीझन' या शब्दाकडे. या शब्दाने इकडचे नवखे जितके फसतात तितकं दुसरं काही फसवत नाही. साध्या उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. मिशिगनमध्ये जानेवारीत पारा शून्याखाली असतो, रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं आणि कडेला बर्फाचे ढीग. ऑल-सीझन टायर थंडीत थोडा मऊ राहतो, पण त्याच्यावरचं एम प्लस एस, म्हणजे चिखल आणि बर्फ, हे चिन्ह फक्त नक्षीच्या रचनेवर मिळतं. त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. चाचणी देऊन मिळणारी खूण वेगळी: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती असलेल्या बारमाही टायरला इथे ऑल-वेदर म्हणतात. मिशलिनचा क्रॉसक्लायमेट २ या जातीतला. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत डोंगर-हिमकणाचीच खूण चालते, नुसतं एम प्लस एस चालत नाही. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आणि तरी लक्षात ठेवा, त्या खुणेची चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी किती पकड घेऊन निघते याची असते. काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर थांबण्याची नाही. चारही चाकं ओढणारी गाडी निघते झोकात. थांबताना मात्र ती दोन चाकं ओढणाऱ्या गाडीपेक्षा तसूभरही शहाणी नसते.

सोलापुरात हा सगळा शब्दच निरर्थक. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेत शाल पांघरावी लागते खरी, पण पारा सहसा दोन आकडी असतो. आणि मे महिन्यात ४३-४४ अंश. थंडीसाठी मऊ केलेलं रबर त्या डांबरावर खोडरबरासारखं उतरेल. भारतात कारला मिळणारा नेहमीचा टायर हा युरोपच्या भाषेत उन्हाळी टायर असतो आणि सोलापूरला तोच हवा. तुमच्या नेक्सॉन ईव्हीचा २१५/६० आर १६ हा आकार पेट्रोलच्या वरच्या मॉडेललाही येतो, म्हणून दुकानात तोच टायर पुढे केला जातो. बसतो, पळतोही, फक्त चार्जिंगची वेळ थोडी लवकर येते. अपोलोचा अँपेरियन किंवा सीएटचा एनर्जीड्राइव्ह असे ईव्हीसाठी म्हणून काढलेले टायर आपल्याकडेही आहेत. घेण्याआधी लोड इंडेक्स तेवढा ताडून पाहा.

पण 'ईव्ही' असं छापलेलाच टायर लागतो का? नाही. त्या दोन अक्षरांना एकच सर्वमान्य व्याख्या नाही. पिरेली 'इलेक्ट' लिहिते, हँकूकची आयऑन ही वेगळी मालिकाच आहे, टेस्लासाठी बनवलेल्या टायरवर टी ०, टी १, टी २ अशा खुणा असतात. त्यामागे खरोखर काहीतरी असतं: जास्त वजन पेलणारी बांधणी, कमी घर्षण, आणि पुष्कळदा आत चिकटवलेला फोमचा पट्टा. इंजिनाचा आवाज नसल्याने टायरच्या पोकळीतली हवा जी घुमते, साधारण २०० हर्ट्झला, ती या गाड्यांत कानाला लागते. फोम ती दाबतो. हा फोम पंक्चर बुजवत नाही, तसा समज मात्र सर्रास आहे. उलट आतून मशरूम, म्हणजे पंक्चरचं छत्रीसारखं ठिगळ, लावायचा तर तेवढा फोम कापून काढावा लागतो, आणि इथली काही दुकानं अशा टायरला हातच लावत नाहीत. बहुतेक ईव्हींमध्ये स्टेपनी नसते, नुसता पंप आणि पंक्चर बुजवणाऱ्या चिकाची बाटली. तो चिक फोममध्ये शिरला की पंक्चरवाला तुमच्याकडे कसा बघतो ते विचारू नका. शांतता हवी की दुरुस्तीची सोय, हे आधी ठरवा. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर वारंवार करणाऱ्याने आम्ही तरी बिनफोमचाच घ्यायला सांगू.

रेंजचं असं आहे. कमी घर्षणाचा टायर आणि भरपूर पकडीचा टायर यांत रेंजचा फरक साधारण ५ ते १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. पण अगदी जुनाच ब्रँड, जुनंच मॉडेल पुन्हा बसवलं तरी रेंज थोडी घटते. झिजलेल्या टायरवर रबर कमी उरतं, ते कमी मुरडतं, कमी तापतं, म्हणून जुना टायर वीज कमी खातो. नव्याची जाड नक्षी जास्त खाते. पहिल्या आठवड्यात वॉट-तासांचे आकडे बघून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. ८०० ते १००० किलोमीटर होऊ द्या, मग तुलना करा, तीही सारख्याच तापमानात. ऑक्टोबरात घातलेल्या टायरवर जानेवारीच्या थंडीचं खापर फोडणारे इथे ढीगभर आहेत.

खरेदी इथे अशी होते. १८-१९ इंची चार चांगले टायर हजार डॉलरच्या आगेमागे (रुपयांत गुणायचा मोह टाळा). जाहिरातीतल्या किमतीवर मग बसवणूक, बॅलन्सिंग, व्हॉल्व्हचं किट, जुन्या टायरच्या विल्हेवाटीचे पैसे, कर असं वाढत जातं; म्हणून 'आउट द डोअर' किंमत विचारायची. क्रॉसक्लायमेट २ ला ६० हजार मैलांची, ब्रिजस्टोनच्या टुरान्झा ईव्हीला ५० हजार मैलांची झिजेची हमी असते. अशी हमी मागायला जाताना रोटेशनच्या, म्हणजे चाकांच्या जागा बदलल्याच्या, पावत्या लागतात. साधारण १०,००० किमीला किंवा पुढच्या-मागच्या नक्षीत दीड मिमी फरक पडला की रोटेशन. बाणाची खूण असलेला टायर त्याच बाजूला पुढे-मागे होतो, तिरका नाही. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर तेही होत नाही. चार घेणं परवडत नसेल तर दोन घ्या, आणि नवे दोन मागे लावा. पावसात मागची चाकं सुटली की गाडी गर्रकन फिरते.

बसवताना सगळ्यात महाग चूक जॅकची. गाडीचा तळ म्हणजे बॅटरीची पेटी. रस्त्याकडेचा कारागीर सवयीने मिळेल तिथे जॅक लावतो, आणि पेटीला पोचा पडला की टायरच्या किमतीच्या कैकपट खर्च. चार ठरलेल्या जागा असतात, त्या पुस्तिकेत दाखवलेल्या असतात. काही गाड्यांना तिथे जॅकवर रबराचा पक, म्हणजे जाड चकती, घालावा लागतो. तो स्वतःच्या डिकीत ठेवा. नट एअर गनने करकचून आवळू देऊ नका, टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या. मॉडेल ३ आणि वायला १७५ न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत आहे. ८०-१०० किमी चालवून पुन्हा तपासायचे. मग अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही कागद मागून घ्या. जुने टायर आतून झिजलेले होते आणि अलाइनमेंट केलं नाही, तर नवेही त्याच वाटेने जातात.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, टायरवर छापलेला तो कमाल. पंपावरचा पोरगा "बत्तीस?" विचारतो, अनेक ईव्हींना ४० च्या आसपास लागते. तापमान दर साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो, म्हणून इथे पहिल्या थंडीत कॉलनीतल्या सगळ्या गाड्यांचे हवा कमी असल्याचे दिवे एकाच सकाळी पेटतात. सोलापुरात उलटं. मे महिन्यात हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. दुपारी टेंभुर्णीला चहाला थांबल्यावर स्क्रीनवर ४-५ पीएसआय जास्त दिसले तर ते बरोबरच आहेत. ती हवा काढू नका.