किल्लारी, माळीण, इर्शाळवाडी : कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांसाठी

किल्लारीचा रस्ता विचारलात की समोरून उलटा प्रश्न येतो, 'जुनी का नवी?' जुनी म्हणजे 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात, झोपेत गाडली गेलेली. नवी म्हणजे नंतर पट्टी घेऊन आखून दिलेली. माझं ऐकाल तर आधी नव्या किल्लारीत जा. बहुतेक फोटोग्राफर थेट जुन्या गावठाणात उतरतात, पडक्या चौथऱ्यांचे शंभर फोटो काढतात आणि दुपारी जेवायला लातूरला निघून जातात. त्या फोटोंत नुसते दगड असतात, आणि उजाड गावाचे दगड सगळीकडे सारखेच दिसतात.

पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, रस्ता उत्तम. पुढे नळदुर्ग, मग उमरगा. उमरग्यात डावीकडे लातूरच्या रस्त्याला वळलं की तीसेक किलोमीटरवर किल्लारी. पहाटे निघून त्याच दिवशी गाठता येतं, पण पोचाल ते ऐन उन्हाच्या तडाख्यात. त्यापेक्षा वाटेत नळदुर्गचा किल्ला आणि तिथला पाणीमहाल निवांत बघा, रात्री उमरग्यात मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडायला किल्लारीत हजर व्हा. उमरग्यात लॉज साधे आहेत, गाडी आत लावायला जागा आहे का एवढं बघून घ्या. जरा बरं हॉटेल हवं असेल तर लातूर. तिथून औशावरून चाळीसेक किलोमीटर पडतं.

1993 साली 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून लोक उशिरा घरी आले, झोपले, आणि 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. त्याच्या आदल्या वर्षीही किल्लारीत लहान लहान धक्के बसले होते. पण हा भाग तेव्हा भूकंपाच्या दृष्टीनं सुरक्षित समजला जायचा. मृतांचा सरकारी आकडा 7,928. औसा तालुका आणि शेजारचा तेव्हाचा उमरगा तालुका यांतली 52 गावं नव्या जागी हलवावी लागली.

एवढी माणसं का गेली हे त्या घरांच्या बांधणीत आहे, आणि फोटो काढायला जाणाऱ्यानं ते आधी समजून घेतलेलं बरं. नाहीतर कशासमोर उभे आहात तेच कळत नाही. इकडची घरं माळवदाची. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून त्यावर आणखी माती. आजोबांनी टाकली, बापानं टाकली, मुलानं टाकली. छत दरवर्षी थोडं थोडं जड होत गेलं. भिंती दोन-तीन फूट रुंद, दगड मातीत बसवलेले. भिंतीची बाहेरची बाजू घडीव दगडाची, आतली बाजू वेगळी, मधे नुसता मुरूम आणि दगडगोटे. दोन्ही बाजूंना धरून ठेवणारा आरपार दगड फारसा कुणी घालत नसे. उन्हाळ्यात असं घर थंडगार. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन्ही पदर सुटे झाले आणि माणसं दगड-मातीखाली गेली. पुष्कळ ठिकाणी लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला, भिंती तेवढ्या बसल्या.

नव्या गावात हे लाकूड शोधा. पडलेल्या वाड्याचे खांब आणि तुळया लोकांनी ओढून आणल्या होत्या. मी एका घराच्या मागच्या पत्र्याच्या पडवीला पेललेला सागवानी खांब पाहिला. वरच्या हस्ताला, म्हणजे तुळई पेलणाऱ्या लाकडाला, पोपट कोरलेला, खाली टेकू द्यायला दगडी तळखडा नाही, सिमेंटच्या कोब्यात सरळ गाडलेला. त्याला दावं बांधून म्हैस उभी. पोपटाच्या चोचीवर हळदीचा जुना डाग होता, कुठल्या तरी लग्नातला असावा. घरातल्या मावशींनी तो खांब दाखवताना फार काही सांगितलं नाही. 'आमचं सात खणाचं होतं' एवढंच म्हणाल्या. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, घराचं माप त्यावरच सांगतात.

आता राहतात ते घर कितीचं, हेही नव्या गावातून फिरताना बघण्यासारखं आहे. पुनर्वसनात घरं तीन मापांची दिली गेली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला 450, त्याच्या वर 750. म्हणजे भूकंपात सगळ्यांची घरं सारखी पडली आणि उभी राहताना सातबारा बघून उभी राहिली. हा हिशोब तीस वर्षांनंतरही गल्लीत उभं राहिलं की डोळ्यांना दिसतो, भोवती कितीही पडव्या आणि मजले चढवले तरी. रस्ते रुंद, काटकोनात, घरं सुटी सुटी. वाड्यातल्या चौकात जे चालायचं ते सगळं, धान्य वाळवणं, भांडी, गप्पा, आता रस्त्यावर आलं आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचला तिथे जा. 35 मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे. 70-200 बाहेर काढू नका, लांबून टिपलेला माणूस त्या फोटोत चोरलेलाच दिसतो.

कॅमेरा बघितला की विचारपूस होणारच. 'कुठून आलाव? फोटो कशाला काढलालाव?' याला सरळ उत्तर द्या. पेपरवाले नाही, सरकारी नाही, पुण्याहून आलोय, बघायला आलोय. सरकारी नाही हे जोर देऊन सांगा. भूकंपानंतर इतक्या जणांनी इतके सर्व्हे केले की वही-पेन काढलं तरी लोकांना यादी वाटते. चहा येईल, तो घ्या. भूकंपाचा विषय आपणहून काढू नका. पन्नाशीच्या पुढचं कुणी असेल तर तो विषय दहा मिनिटांत येतोच, आणि आला की कॅमेरा मांडीवरून खाली ठेवा. तिशीतली पोरं मात्र त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. त्यांना सोयाबीनच्या भावाबद्दल आणि ऊस कधी जाणार याबद्दल बोलायचं असतं, आणि तेही ऐकण्यासारखं असतं.

गावात फिरताना पुण्याचा उल्लेख निघतो, त्याला एक कारण आहे. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं तेव्हा भूकंपग्रस्त भागातली 1,200 मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, पुढे वाघोलीला त्यांची सोय झाली. त्या मुलांपैकी कुणी भेटलं तर फोटोच्या आधी गप्पा होऊ द्या.

जुन्या किल्लारीत दुसऱ्या दिवशी सकाळी जा. चालताना खाली बघा, वेड्या बाभळीचे काटे चपलेतून थेट आत येतात, बूट हवेतच. स्मृतिस्तंभाच्या आवारात शांतपणे उभं राहायचं, पायऱ्यांवर बॅग पसरायची नाही. उरलेल्या चौथऱ्यांवर चढून पोझ देणारे लोक मी बघितले आहेत, प्री-वेडिंगवालेसुद्धा. त्यांना काय बोलायचं! 30 सप्टेंबरला इथे श्रद्धांजलीचा कार्यक्रम असतो, पोलिसांची मानवंदना असते. त्या दिवशी जायचं असेल तर कॅमेरा गाडीत ठेवून जा. वेळ असेल तर तेरणा ओलांडून सास्तूरला जाऊन या, तिथेही तेवढीच हानी झाली होती. आज ते धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात येतं.

मोसम नोव्हेंबर ते जानेवारी. मार्चनंतर पारा चाळिशीकडे सरकतो आणि सकाळी दहालाच आकाश पांढरं पडतं. हिवाळ्यात मात्र उसाचा हंगाम असतो. अंधार पडल्यावर या रस्त्यांवर ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस चाललेला असतो, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. सूर्यास्ताचे फोटो घेऊन रात्री उमरगा-लातूर रस्त्यावर गाडी दामटण्याचा बेत करू नका.

माळीण त्या मानानं जवळ. पुण्याहून नाशिक रस्त्यानं मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, पुढे डिंभे धरणाच्या पाण्याकडेनं आत. शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण शेवटच्या टप्प्याला वेळ लागतो. पेट्रोल मंचरला किंवा घोडेगावला भरा, खाऊनही तिथेच घ्या. डिंभ्याच्या पुढे मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका.

30 जुलै 2014 ला सकाळी डोंगराचा कडा खाली आला आणि आंबेगाव तालुक्यातली ही महादेव कोळ्यांची वस्ती चिखलाखाली गेली. 151 माणसं. बातमी बाहेर आली ती एसटीच्या ड्रायव्हरमुळे, गाडी घेऊन आला तर समोर गावच नव्हतं. कारणांवर तेव्हा बरीच वादावादी झाली. अतिवृष्टी तर होतीच. उतारावर जेसीबी लावून भातखाचरं सपाट केली गेली, त्या पडकईच्या कामांकडेही बोट दाखवलं गेलं. पडकई इथली जुनी रीत, पण हातानं बांध घालणं वेगळं आणि यंत्रानं डोंगराचा पाय कापणं वेगळं. गावातल्या कुणाला 'पडकईमुळे झालं ना?' असं विचारू नका. ज्यांची माणसं गेली त्यांनाच दोषी धरल्यासारखं होतं ते.

नवं माळीण आमडे गावाजवळ वसवलं, 2 एप्रिल 2017 ला लोकांच्या ताब्यात दिलं. त्याच पावसाळ्यात पहिल्या जोराच्या सरींत तिथले रस्ते खचले, भराव वाहिला, आणि लोकांच्या पोटात पुन्हा गोळा आला. म्हणून पावसाळ्यात इथे जाऊ नका असं मी सांगतो. फोटोग्राफरना सह्याद्री हिरवा हवा असतो, धबधबे हवे असतात. पण जुलैच्या रात्री धो-धो पाऊस लागला की इथली माणसं अजून जागी राहतात, आणि आपण सकाळी रेनकोट घालून 'काय सुंदर वातावरण आहे' म्हणत त्यांच्या दारात उभे. शिवाय घाटरस्त्यावर दरड आली तर तुम्हीच अडकाल आणि सोडवायला त्यांनाच यावं लागेल. जानेवारी-फेब्रुवारीत जा. गवत वाळलेलं असतं, डोंगर कुठून सुटला ते स्पष्ट दिसतं. पुढे उन्हाळ्याकडे अंगणात हिरडा वाळत घातलेला असतो. हातखर्चाला रोख पैसा येतो तो यातूनच, त्यामुळे त्यावरून पाय टाकत फ्रेम शोधू नका. स्मारकाजवळ झाडं लावली आहेत, सावलीत बसायला कुणी ना म्हणत नाही, डबा मात्र तिथे उघडायचा नाही.

इर्शाळवाडीबद्दल मला मेसेज येत असतात, 'वर कसं जायचं?' खालापूर तालुक्यात चौकजवळच्या नानिवलीतून पायवाट आहे, दुसरा रस्ता नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री दरड कोसळली तेव्हा याच वाटेनं बचावपथकं चिखलातून चढली, वर यंत्र नेताच येत नव्हतं, हातानं माती उपसावी लागली. 27 मृतदेह मिळाले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा 57 जण बेपत्ता होते, ते अजून तिथेच मातीखाली आहेत. मी वर जात नाही. इर्शाळगडाचा सुळका आणि त्याचं नेढं, म्हणजे खडकातलं आरपार भोक, खालून, मोरबे धरणाच्या बाजूनं, उत्तम दिसतं. वाचलेल्या कुटुंबांसाठी चौकजवळ सिडकोनं घरं बांधली आहेत. ती वसाहत लोकांच्या राहत्या घरांची आहे, ओळखीचं कुणी नसेल तर तिथेही कॅमेरा घेऊन शिरू नये. वर जायचंच असेल तर आधी तिथल्या एखाद्या ठाकर कुटुंबाला विचारा. ते 'चला' म्हणाले तर त्यांच्यासोबत जा. नाही म्हणाले तर खालूनच परता.

सामानाचं सांगतो. एक बॉडी, 35 आणि 50, एवढंच. मराठवाड्याच्या धुळीत लेन्स बदलायची तर गाडीत काचा वर करून. ड्रोन घरी. परवानगीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी माळीणमध्ये वरून घरघर आली की म्हाताऱ्या बायका बाहेर येऊन आभाळाकडे बघतात, मला ते एकदा बघून पुरे झालं. लहान मुलं कॅमेऱ्यापुढे नाचणारच. त्यांचे फोटो काढा, पण आईबापाला दाखवून. फोटोखाली ओळी लिहाल तेव्हा 'मृत्यूचं गाव', 'शापित' असले शब्द नकोत. तुमची पोस्ट तिथल्या पोरांच्या मोबाइलवरही पोचते.

आणि फोटो पाठवतो म्हणालात तर पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नव्हे, कागदावर. 5 बाय 7 चे प्रिंट पुण्यात स्वस्तात होतात. एकेका घराचं पाकीट करून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या पत्त्यावर पोस्टानं टाका, पाकिटावर नावासोबत गल्ली किंवा घराची खूण लिहा. एका गावात एकाच नावाची चार-चार माणसं असतात आणि पाकिटं अदलाबदल होतात. किल्लारीच्या मावशींना मी त्यांचा फोटो पाठवला, तर उलट निरोप आला की खांबाचाही एक पाठवा, पोपट नीट दिसेल असा.