झाकणातलं दूध

"मामा, ते दूध पेतच नाही हो."

भाच्यानं बुटाच्या खोक्यात धामणीचं पिल्लू ठेवलं होतं. सोयाबीनच्या कडेला सापडलेलं, करंगळीहून बारीक. समोर बाटलीच्या झाकणात दूध. ते दूध मीच कोमट करून दिलं होतं, हेच दिवसभर मनाला खातंय.

पिल्लानं जीभ दोनदा बाहेर काढली, दुधाला लावली अन् मान फिरवली. नाकाच्या टोकावर एक पांढरा थेंब तसाच राहिला. तेवढा थेंब बघून गलबलून आलं.

अंबाजोगाईहून सर्पमित्र आले. त्यांनी आधी ओल्या कापसानं तो थेंब टिपला. म्हणाले, "सापाला दूध पचत नाही. अन् हे उपाशी नाही. अंड्यातला बलक अजून पोटात असतो, पहिली कात टाकेपर्यंत बहुतेक पिल्लं खातही नाहीत. आईनं शिदोरी बांधून दिलीय त्याला."

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानं धामण घरात पाळता येत नाही, हेही त्यांनी पोराला समजावलं. रागावले मात्र नाहीत.

दरवर्षी नागपंचमीला आमच्या आळीत वारुळापाशी दूध ओतलं जातं. माय श्रद्धेनं ओतते, मीही लहानपणी ओतलंय. आता तिला हे कसं सांगावं, तेच कळेना.

संध्याकाळी बांधावर पिल्लू सोडलं. क्षणात गवतात दिसेनासं झालं. पोरगं रिकामं खोकं धरून कितीतरी वेळ उभं होतं. मग म्हणालं,

"मामा, त्याला पहिलं बेडूक धरायला कोण शिकवणार?"