घरं कातळावर, माती खजुराला

शुक्रवारी मस्कतहून मिस्फात अल अब्रियीन या ओमानच्या डोंगरातल्या गावाला गेलो. गाडी वरच लावायची. गावातल्या गल्ल्या अशा की समोरून गाढव आलं तर भिंतीला आपणच चिकटायचं.

मी सिव्हिलवाला, त्यामुळे नजर आधी घराच्या पायाकडे जाते. इथली दगडमातीची घरं थेट कातळावर उभी आहेत. ओंजळभर मातीसुद्धा घराखाली घालवलेली नाही. माती सगळी खालच्या उतारावर, दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर. तिथं वर खजूर, त्याच्या सावलीत लिंबं-केळी आणि बुडाशी लसूणघास.

गाव पाण्यामागून आखलंय. झऱ्याचं पाणी आणणारा पाट म्हणजे फलज. त्याचा नेम ठरलेला: आधी पिण्याला, मग मशिदीत वजूला (नमाजाआधी हातपाय धुवायला), मग अंघोळी-धुण्याला, शेवटी बागांना. दुष्काळी साल आलं तर हंगामी पिकं सोडायची, खजूर नाही. पाण्याची पाळी वेळेनं मोजतात, तिचं माप 'अथर', म्हणजे साधारण अर्धा तास. पूर्वी दिवसा काठीची सावली बघायचे आणि रात्री तारे. काही पाळ्या खुद्द फलजच्या मालकीच्या. त्यांचा लिलाव होतो आणि त्या पैशात पाटाची डागडुजी. मेंटेनन्सची याहून सरळ सोय मी कुठल्या सोसायटीत पाहिलेली नाही!

युनेस्कोनं २००६ मध्ये ओमानचे पाच फलज जागतिक वारसा यादीत घेतले. हा त्यांत नाही. त्याचं गावाला फार वाटत असेलसं दिसलं नाही.

एका आजोबांनी चिंध्यांचा बोळा आणि दगड काढून एका वाफ्याचं तोंड उघडलं, तोच बोळा शेजारच्या तोंडाला लावला. मला धुळ्याकडच्या पांझरा नदीकाठचा आमचा फड, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर भिजणारा शेतांचा पट्टा आठवला, खांद्यावर फावडं टाकून बांधावरून चालणारा पाटकरी आठवला.

तेवढ्यात धुळ्याहून चुलतभावाचा फोन. मळ्याचं एन.ए. (बिगरशेती) झालंय, प्लॉट पाडायचेत, लेआउट तूच काढून दे.

म्हटलं, "अरे, काळी माती ती, फुगते-आकसते, भिंतींना तडे जातील. माळावर मुरूम आहे, पाया तिथं चांगला लागेल."

"माळावर? तिथं पाणी कोण नेणार, भाऊ?"

मी कातळात कोरलेल्या पाटाच्या कडेला उभा होतो.