उजवीकडची खिडकी धरा: दोउरोच्या काठाने

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून पोसिन्योकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत उजव्या बाजूची खिडकी धरा. पहिला तासभर विशेष काही नाही. मग दोउरो नदी रुळांना येऊन भिडते आणि पुढे साथ सोडत नाही. दोन्ही तीरांच्या डोंगरांवर पायथ्यापासून दगडी बांध आणि त्यांवर द्राक्षवेली. माती म्हणावी तर जवळपास नाहीच, नुसता शिस्ट खडक. पण तो उभा चिरतो, म्हणून मुळं पाण्याच्या शोधात खोल उतरतात. ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ ही इथली म्हण भर उन्हाळ्यात अगदी पटते.

नदी मात्र तलावासारखी निवांत. ही धरणांची करामत. त्याआधी ती खडकांवरून उसळत जायची आणि वाइनची पिंपं लादलेल्या ‘राबेलो’ होड्या तिच्यातूनच पोर्तोसमोरच्या गायापर्यंत उतरवत. आता त्या होड्या गायाच्या धक्क्यावर कंपन्यांची नावं मिरवत उभ्या असतात.

१८६१च्या मे महिन्यात वालेइराच्या घळीत जोसेफ जेम्स फॉरेस्टरची होडी उलटली. या इंग्रज व्यापाऱ्याने दोउरोचा तपशीलवार नकाशा काढला होता; त्यालाच नदीने गिळलं. प्रेतही सापडलं नाही. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी त्याला तळाशी नेलं, असं सांगतात. सोबतची दोना आंतोनिया फेरेइरा, इथली बडी मळेवाली, घेरदार झग्यामुळे तरंगली म्हणे! झग्याची गोष्ट मला जरा रचलेली वाटते, पण सांगणारे रंगवून सांगतात.

हा फॉरेस्टर वाइनमध्ये ब्रँडी घालण्याच्या विरोधात होता. आज ब्रँडीशिवाय पोर्ट, म्हणजे इथली प्रसिद्ध गोड वाइन, होतच नाही. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचीच ७७ टक्के अल्कोहोलची ब्रँडी ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, म्हणून ती गोडी. फॉरेस्टर हरला, हे बरंच झालं.

पिन्यांवला उतरा. स्टेशनाच्या भिंतींवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत. नंतर टॉनी, म्हणजे पिंपात मुरलेली पोर्ट, मागवा, जमलं तर वीस वर्षांची: रंग विटकरी, चव अक्रोड आणि सुक्या अंजिराची. रुबी हा पोर्टचा दुसरा प्रकार स्वस्त आणि फळाळ, पण माझं मत टॉनीलाच. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणारी गोड वाइन प्यायला असाल, तर तिची आठवण इथे काढू नका.