टाकीतली कणी
आज ऑफिसला जाताना सायनच्या पंपावर स्कूटरमध्ये ५ लिटर पेट्रोल भरलं. २० टक्के मिश्रण, म्हणजे त्यात एक लिटर इथेनॉल. ते उसाचं, मक्याचंही असू शकतं. पण तांदळाचं असेल तर एका लिटरला दोन किलोहून जास्त धान्य लागतं.

संध्याकाळी आईच्या पेजेसाठी वाण्याकडे कणी, म्हणजे तुकडा तांदूळ, घेतली. काकांनी पिशवीत ओतली, काटा दोन किलोवर थांबला आणि मी बघतच राहिले. एवढी एका लिटरला!

हीच कणी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलमध्ये रोजच्या जेवणात असते. सप्टेंबर २०२२ मध्ये आपण तिची निर्यात बंद केली, जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाचीही. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा आपला, मग तिथल्या बायकांनी काय शिजवायचं? बंदी उठली, हे बरंच झालं. पण सरकारी गोदामातला तांदूळ आता इथेनॉललाही जातो.

इथेनॉलमुळे उसाचे पैसे वेळेवर मिळतात, असं गावचे मामा सांगतात. ते खोटं नाही. उसाचं, मक्याच्या धाटांचं इंधन खुशाल करा. पण खाण्याजोगा तांदूळ आधी भुकेल्यांच्या ताटात जायला हवा, मग ते ताट सेनेगलच्या डाकारमधलं का असेना.

आईची पेज चुलीवर आहे. मूठभर कणीत दोघींचं भागतं.