विझत नव्हता, तेच वाईट होतं

फोनवरची तक्रार किरकोळ वाटावी अशी होती. फायरप्लेसमध्ये गॅसचा लॉग हीटर बसवलेला, म्हणजे सिरॅमिकचे ओंडके, खाली बर्नर आणि तो पेटवणारी सतत जळती छोटी ज्योत, म्हणजे पायलट, आणि त्याच्या वरची भिंत काळी पडत चाललेली. घरमालक म्हणाले, "मध्यंतरी पायलट वरचेवर विझायचा. एकाकडून दुरुस्त करून घेतला. आता अजिबात विझत नाही. फक्त ही काजळी कुठून येते तेवढं बघून जा."

काजळी म्हणजे गॅस पुरता जळत नाहीये. आणि गॅस पुरता जळत नसेल तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होत असणार. म्हणून भिंतीबद्दल पुढे काही न विचारता मी विचारलं, "घरात कुणाचं डोकं दुखतं का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "आईचं दुखतं. संध्याकाळी. मळमळतंही. पण तिला बीपीचा त्रास आहे."

"सकाळी बाहेर फिरून आल्यावर?"

"तेव्हा बरी असते."

मी त्यांना हीटर लगेच बंद करायला सांगितलं. हीटरजवळचा गॅसचा कॉकही बंद करा, सगळ्या खिडक्या उघडा, आजींना घेऊन बाहेर मोकळ्या हवेत बसा. आणि आत्ता चक्कर, गुंगी किंवा उलटी असं काही असेल तर माझी वाट न बघता तातडीची मदत बोलवा. ते म्हणाले, तसं काही नाही, फक्त डोकं जड आहे आणि ऑक्सिमीटर 98 दाखवतोय. हे वाक्य मी इतर घरांतही ऐकलंय आणि दर वेळी काळजात धस्स होतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, आणि बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन कोणतं आणि हा वायू चिकटलेलं कोणतं, हे ओळखता येत नाही. माणूस गुदमरत असतो आणि आकडा उत्तम दिसतो. म्हणून मी सांगितलं, आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि बंद खोलीत गॅसचा हीटर चालू होता हे स्वतःहून सांगा. रक्ततपासणी लवकर व्हायला हवी. साध्या हवेत चार-पाच तासांत रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. उद्या तपासून काही सापडेलच असं नाही.

मी पोचलो तेव्हा धाकटा भाऊ आजींना दवाखान्यात घेऊन गेला होता आणि मोठे, म्हणजे घरमालक, दारात उभे होते. कार्बन मोनॉक्साइड मोजणारा मीटर मी बाहेरच्या हवेतच सुरू करतो. खोलीत नेऊन सुरू केला तर तिथल्या दूषित हवेलाच तो शून्य धरण्याची शक्यता असते. खिडक्या बराच वेळ उघड्या असल्यामुळे आत फारसं काही दाखवलं नाही. तरी ती खोलीच बोलत होती. काचांच्या खालच्या कडेला लाकूड फुगलेलं, कोपऱ्यात ओल. नैसर्गिक वायू जळला की उष्णतेबरोबर पाणीही तयार होतं, एका घनमीटरमागे सुमारे दीड किलो. धुराड्यातून बाहेर जाणारा हीटर असेल तर ती वाफ बाहेर जाते. हा हीटर धुराड्याविना चालणाऱ्या जातीचा होता. जे जळत होतं ते सगळं, वाफेसकट, खोलीतच राहत होतं.

या जातीबद्दल माझं मत मी लपवत नाही. कंपनीने आखून दिलेल्या अटी तंतोतंत पाळल्या तर हे हीटर चालतात. पण त्या अटी घरात वर्षानुवर्षं टिकत नाहीत. माणसं दारं बदलतात, फटी बुजवतात, खोलीला पार्टिशन घालतात. कॅलिफोर्नियात घरांमध्ये हे हीटर बसवायला परवानगीच नाही, आणि ते मला योग्यच वाटतं.

हीटरच्या पाटीवर ताशी 33,000 बीटीयू लिहिलं होतं. बीटीयू हे उष्णतेचं माप. सर्वसाधारण नियम असा की दर 1,000 बीटीयूला किमान 50 घनफूट मोकळी हवा हवी, म्हणजे या हीटरला 1,650 घनफूट. मी टेप लावला. खोली 12 बाय 12, उंची 9 फूट. 1,296 घनफूट. दार मिटलं की एवढीच हवा. मी विचारलं, दारं-खिडक्या कधी बदलल्या? ते म्हणाले, मागच्या हिवाळ्याच्या आधी. गार वारा आत यायचा म्हणून नव्या खिडक्या बसवल्या, दाराच्या कडांना रबराच्या पट्ट्या लावल्या. "आणि पायलट कधीपासून विझायला लागला?" ते आठवू लागले आणि आठवता आठवता त्यांचा चेहरा बदलला.

पायलट विझण्याची कारणं दोन-तीनच असतात, आणि ती विझण्याच्या पद्धतीवरून ओळखता येतात. पायलटच्या हवेच्या छिद्रात धूळ किंवा कोळिष्टक अडकलं असेल तर ज्योत सुरुवातीपासूनच पिवळी आणि मरगळलेली दिसते, आणि ती केव्हाही विझते. वाऱ्याचा झोत असेल तर दार उघडलं-मिटलं की विझते. पण हीटर तासभर नीट चालतो, मग विझतो, आणि खोलीचं दार उघडं ठेवलं तर विझत नाही, असं असेल तर हीटरमध्ये बिघाड नाही. बिघाड खोलीत आहे. इथे नेमकं तसंच होत होतं, आणि तसं त्यांनी त्या दुरुस्तीवाल्याला सांगितलंही होतं.

मी बर्नरची पुढची जाळी काढून खाली टॉर्च मारला. धुराड्याविना चालणाऱ्या हीटरमध्ये साधा पायलट नसतो, ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखणारा पायलट असतो. त्याची रचना मला आजही सुंदर वाटते. अगदी नेमक्या मापाच्या छिद्रातून गॅस येतो आणि छोटी निळी ज्योत थर्मोकपलच्या टोकाला चाटत राहते. त्या उष्णतेने थर्मोकपलमध्ये काही मिलिव्होल्ट वीज तयार होते, आणि तेवढ्याशा विजेवर गॅसचा सुरक्षा व्हॉल्व्ह उघडा धरलेला असतो. चांगल्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 18 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत छिद्रापासून सुटते, वर उचलली जाते, थर्मोकपलचं टोक थंड पडतं, वीज तुटते आणि व्हॉल्व्ह मिटतो. बॅटरी नाही, सर्किट नाही. ज्योत स्वतःच खोलीतली हवा मोजत असते.

इथे थर्मोकपल वाकवून ज्योतीच्या आत ढकललेलं होतं. पट्टीवर पकडीचे दात उमटलेले स्पष्ट दिसत होते. आता ज्योत कितीही उचलली गेली तरी टोक तापलेलंच राहणार. ऑक्सिजन कितीही उतरला तरी व्हॉल्व्ह उघडाच. हीच ती "दुरुस्ती". ज्याने केली त्याला बहुधा ते साधं थर्मोकपल वाटलं असावं. पण या पायलटचा एकही भाग वाकवायचा, घासायचा किंवा सुटा बदलायचा नसतो. बिघडला तर अख्खा जोड बदलायचा, तोही त्याच मॉडेलचा.

एवढ्याने काजळीचा उलगडा पुरता होत नव्हता. हवा कोंदट झाली की ज्वलन बिघडतं हे खरं, पण भिंतीवरचा डाग एकाच बाजूला जास्त गडद होता. मी ओंडके पाहिले. वरचा आडवा ओंडका खुंटीवरून उचलून पुढे ठेवलेला होता, बरोबर ज्वाळेच्या मधोमध, आणि त्याची खालची बाजू काळीकुट्ट. घरमालक म्हणाले, "तसा जास्त खरा दिसतो. मुलांनी ठेवलाय." शिवाय निखाऱ्यांसारखी दिसणारी लोकर बर्नरच्या छिद्रांवर भरपूर पसरलेली.

बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. ओंडके शोभेचे असले तरी त्यांची जागा शोभेसाठी ठरवलेली नसते. ज्वाळा थंड पृष्ठभागावर आदळली की जळण अर्धवट राहतं, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. म्हणून प्रत्येक ओंडक्याला खुंटी किंवा खाच असते आणि पुस्तिकेत आकृती असते. ज्वाळेचा रंग बघूनही इथे काही कळत नाही. स्वयंपाकाच्या शेगडीवर पिवळी ज्योत दिसली की आपण सावध होतो. लॉग हीटरची ज्योत लाकडासारखी दिसावी म्हणून मुद्दाम पिवळसर ठेवलेली असते. इथे खूण एकच, ओंडक्यावरची आणि भिंतीवरची काजळी.

मालकांना बाहेर थांबवून, खिडक्या उघड्या ठेवून मी थोडा वेळ हीटर पेटवला, कारण खात्री करणं भाग होतं. छताजवळ धरलेला मीटर उघड्या खिडक्यांतही दहाएक मिनिटांत 40 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 40 भागांच्या, पुढे गेला. मी हीटर बंद केला, नळी सोडवली, पाइपच्या तोंडाला प्लग लावला, त्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत हे पाहिलं आणि हीटरला "वापरू नये" अशी चिठ्ठी बांधली.

"पण आमच्याकडे कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे," मालक म्हणाले. "तो कधी वाजला नाही." अलार्म होता, जिन्यावर. मागची तारीख पाहिली तर त्याचं आयुष्य संपलेलं. असे अलार्म मॉडेलप्रमाणे 5 ते 10 वर्षं चालतात, नंतर चाचणीचं बटण दाबलं की वाजतात, पण आतला सेन्सर थकलेला असतो. आणि नवा असता तरी तो या पातळीला वाजला असता असं नाही. अमेरिकेच्या मानकाप्रमाणे अलार्मने 70 पीपीएमला एक ते चार तासांच्या दरम्यान वाजायचं असतं. जीव वाचवणं हे त्याचं काम. रोज संध्याकाळी थोडं थोडं विष घेणाऱ्या वयस्क माणसाला 40 पीपीएमही त्रास देतं आणि अलार्म गप्प राहतो. तरीही झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर तो हवाच. मी त्याच दिवशी नवे लावायला सांगितले.

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. रक्तात कार्बन मोनॉक्साइड सापडला होता. आजींना मास्कने ऑक्सिजन लावला होता आणि रात्रभर ठेवून घेणार होते. मोठे भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले. त्यांना वाटत होतं ही सगळी त्यांची चूक. मी म्हटलं, दादा, तुम्ही आईला गारठा लागू नये म्हणून खिडक्या बदलल्या, आणि बिघाड वाटला म्हणून माणूस बोलावला. ज्याला कळायला हवं होतं तो मी नाहीतर तो माणूस, तुम्ही नाही.

पुढचं काम काही आठवड्यांनी झालं. मी त्यांच्यासमोर पर्याय मांडले. तसेच ओंडके उघड्या धुराड्याखाली ठेवायचे तर धुराड्यासाठी बनवलेला वेगळा सेट घ्यावा लागतो आणि धुराड्याचा पडदा, म्हणजे डॅम्पर, कधीच पूर्ण मिटू नये म्हणून त्याला क्लँप लावावा लागतो. दिसायला ते छान, पण बरीचशी उष्णता वर निघून जाते. आजींना ऊब हवी होती, देखावा नाही. म्हणून मी बंद काचेच्या आतला हीटर सुचवला, ज्याला जळायला हवा बाहेरून मिळते आणि धूरही बाहेरच जातो. खोलीतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही.

आधी धुराडं साफ करून घेतलं. जुन्या लाकडी जाळाचं डांबरासारखं किटण आणि वरच्या टोकाला पक्ष्याचं घरटं निघालं. मग त्यातून दोन लवचीक नळ्या खाली सोडल्या, एक हवा आत आणणारी, एक धूर बाहेर नेणारी. दोन्हींच्या टोकांवर मी रंगीत पट्ट्या बांधतो. वरच्या टोपीला त्या उलट जोडल्या गेल्या तर हीटर चालणार नाही किंवा वाईट चालेल. भिंतीतून गॅसचा पक्का लोखंडी पाइपच आणला, लवचीक नळी भिंतीतून कधीच नेत नाही. बंद करायचा कॉक हाताला सहज येईल असा ठेवला, आणि पाइपमधला कचरा साठायला हीटरच्या आधी छोटा खालचा फाटा काढला. दाब धरून गळती तपासली, मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बर्नरचा दाब मॅनोमीटर या दाब मोजायच्या साधनाने पाटीवरच्या आकड्याशी जुळवला, 3.5 इंच उंच पाण्याच्या दाबाएवढा. ओंडके आकृतीप्रमाणे खुंट्यांवर. काच 200 अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकते, म्हणून पुढे संरक्षक जाळी, आणि ती काढून ठेवायची नाही हे मुलांना समोर बसवून सांगितलं. पहिल्या पेटवणीला नव्या रंगाचा वास येतो, तेवढे काही तास खिडक्या उघड्या ठेवल्या. मीटर शून्यावर राहिला.

आजी बाजूच्या खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आणि हाही विझायला लागला तर?"

मी म्हटलं, "आजी, विझला तर कॉक बंद करून पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे साठलेला गॅस निघून जाईल. गॅसचा वास येत असेल तर पेटवायचं नाही, दिव्याचं बटणही दाबायचं नाही, बाहेर जाऊन गॅसवाल्यांना फोन करायचा. वास नसेल तर पुस्तिकेप्रमाणे एकदा पेटवायचा. पुन्हा विझला तर तसाच बंद ठेवायचा, आणि मला बोलवायचं."

"म्हणजे पक्कड कुणाला द्यायची नाही," त्या म्हणाल्या. थोरल्या मुलाने कॉक कुठे आहे ते त्यांना दाखवलं आणि त्यांनी तो स्वतःच्या हाताने एकदा बंद-उघड करून पाहिला.