खांब पुढे, खेळाडू मागे

मे महिन्याच्या सुट्टीत माझा दहा वर्षांचा भाचा आणि सहा वर्षांची भाची आठवडाभर आमच्याकडे राहायला आली होती. बाहेर ऊन रणरणत असताना दोघांना घरात गुंतवून ठेवावे, म्हणून एका दुपारी मी त्यांच्यासोबत थॉमाट्रोप करायला घेतला. १८२५ च्या सुमारास लंडनमधील जॉन आयर्टन पॅरिस या डॉक्टरांनी लोकप्रिय केलेले हे खेळणे म्हणजे दोन्ही बाजूंना वेगवेगळी चित्रे असलेली एक चकती. ती दोऱ्यावर गरगर फिरवली की एका बाजूचा पक्षी दुसऱ्या बाजूच्या पिंजऱ्यात बसलेला दिसतो, कारण पहिल्या चित्राचा ठसा मनातून पुसला जाण्याआधीच दुसरे चित्र डोळ्यांसमोर येते. भाचा मल्लखांबाच्या वर्गाला जात असल्यामुळे पक्षी आणि पिंजरा त्याने साफ नाकारला. शेवटी एका बाजूला मल्लखांब आणि दुसऱ्या बाजूला खेळाडू असे ठरले.

घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद या कामाला उत्तम निघाला. त्यावर वाटी उपडी ठेवून आम्ही साधारण ८ सेंटिमीटर व्यासाची चकती कापली आणि मी सरळसोट खांब काढला. "मामा, हा तर विजेचा खांब झाला," असे म्हणून भाच्याने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. खाली जाड आणि वर निमुळते होत जाणारे अंग, त्यावर बारीक मान आणि सर्वांत वर बोंड, असा खरा मल्लखांब त्याने काढला. मग मी चकती पुस्तकाच्या पानासारखी उलटवून मागे खेळाडू काढला. ती फिरवताच खेळाडू डोके खाली, पाय वर अशा अवस्थेत प्रकटला. दोरा आडवा धरलेला असल्यामुळे फिरताना चकतीची वरची कड खाली जाते, म्हणून ती भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानासारखी खालून वर उलटवून मागचे चित्र काढायला हवे होते.

दुसऱ्या खेपेला चकती बरोबर उलटवली, पण जागा नेमकी साधावी म्हणून मी नको ती हुशारी केली. बोंडाच्या टोकाशी टाचणी टोचली आणि मागच्या बाजूला त्याच भोकापाशी खेळाडूचे हात काढले. फिरवल्यावर तो बोंडापाशी दिसण्याऐवजी खांबाच्या बुंध्याशी दिसला. चकती उलटताना वरचे भोक खाली जाते, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. अखेर दोन स्वतंत्र चकत्या घेतल्या, खांबाच्या चकतीवर दुसरी ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेवर धरल्या आणि उजेडात दिसणाऱ्या खांबाच्या अंदाजाने खेळाडू काढला. नंतर खेळाडूची चकती वरची कड खाली येईल अशी उलटवून खांबाच्या चकतीच्या पाठीला चिकटवली.

रंगांनीही थोडा दगा दिला. प्रत्येक चित्र निम्माच वेळ समोर असल्यामुळे आणि उरलेल्या वेळी पलीकडचा पांढरा कागद त्यात मिसळत असल्यामुळे सगळ्या रेघा फिकट दिसतात. पिवळा खडू तर जवळजवळ नाहीसाच झाला, म्हणून काळ्या स्केचपेनने रेघा जाड केल्या. दोऱ्यासाठी डावी-उजवीकडची भोके मध्यबिंदूतून जाणाऱ्या एका रेषेत नसतील तर चकती लडबडते. ती भोके फाटू नयेत म्हणून आधी तिथे चिकटपट्टी लावली. शिवणाच्या दोऱ्याला पुरेसा पीळ बसेना आणि सुतळी ताठ पडली. भाजीच्या पुड्यांची रबरे मात्र पीळ देऊन ताणली की सुसाट फिरली.

भाचीने एकीकडे जाळे आणि दुसरीकडे फुटबॉल काढला. चेंडू जाळ्यात कुठेही अडकला तरी गोलच होत असल्याने तिला जागा जुळवण्याची कटकट नव्हती आणि तिची चकती पहिल्याच फटक्यात जमली.

मी पहिली बिघडलेली चकती टाकायला काढली, तेव्हा भाच्याने ती परत मागून घेतली. मल्लखांबावर पायांची अढी घालून डोके खाली सोडतातच, तेव्हा यात चुकले ते फक्त पाय, असे त्याचे म्हणणे होते. त्याने खोडरबराने दोन्ही पाय पुसले आणि ते खांबाला विळखा घालतील असे नव्याने काढले.